बिननावाची शिवी

भिकुबाई शिव्या द्यायची. पण कुठे, केव्हा आणि कोणाला, याचे तिचे नियम चोख होते. वर्षातून एकदा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गिरणा नदीच्या अल्याडच्या काठावर उभं राहून पल्याडच्या बाईला. बाकी वर्षभर ती भडगावच्या बाजारात लिंबं विकायची, आणि लिंबं दाबून दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा 'नाना' म्हणायची. ज्यांनी तिला फक्त बाजारात पाहिलं होतं त्यांना आखाजीची भिकुबाई सांगून पटली नसती.

आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि गौराई नदीत पोचवायला निघाल्या की दोन्ही काठांवर लेकी-सुनांच्या फळ्या उभ्या राहतात. मग जी जुंपते ती विचारू नका! गाण्यात शिवी, शिवीत गाणं. पण तिथं मनाला येईल तसं बोलत नाहीत, बरं का. आधी आपलं नाव सांगायचं, बापाचं सांगायचं, मग जिला द्यायची तिचं नाव घ्यायचं, आणि मग द्यायची. 'मी भिकी, सुपडूनी आंडेर,' सुपडूची लेक, असं खणखणीत सांगून भिकुबाई तोंड उघडायची. कुंकू, कूस आणि मेलेलं लेकरू या तिन्हींना हात लावायचा नाही. बाकी नाक, नवरा, चाल, सैपाक, सगळं मोकळं रान. सगळं संपलं की जिला जिला शिवी बसली तिनं गुडघाभर पाण्यात उतरून तोंड धुवायचं आणि कोरड्या मनानं घरी जायचं. न धुता घरात पाऊल टाकलं तर शिवी लागते म्हणतात.

पल्याडच्या फळीची म्होरकी तानुबाई. या दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन समोरासमोरच्या गावांत आल्या, धुणं धुताना ओळख झाली, आणि पुढं आखाजीला एकमेकींची सालं काढता काढता जिवाभावाच्या झाल्या. तानुबाईच्या एका कडव्याला तर गर्दी जमायची. 'भिकीना छगन्या नावना गडी, रातले झोपस धरी गोधडी.' छगन म्हणजे भिकुबाईचा नवरा, आणि तो नुसता नावाचा गडी, रात्री गोधडी धरून झोपतो, असं ते कडवं. बाया हसून हसून पाण्यात बसायच्या. भिकुबाईही हसायची आणि तानुबाईच्या नवऱ्याची त्याहून वाईट खोड काढायची.

छगन हा तसा मुखदुर्बळ माणूस. लिंबाची बाग, सकाळी वाचनालयात पेपर, संध्याकाळी ओटा. आखाजीला बायको घसा बसवून आली की गूळ-ओवा घातलेलं गरम पाणी तयार ठेवायचा आणि ती उंबऱ्याशी आली की ओट्यावरून विचारायचा, "तोंड धुतलं ना?" ती "हो" म्हणाली की मग पेला पुढं करायचा. दरसाल हे असंच. या दोघांना मूल नव्हतं.

सन अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. तालुक्याच्या कॉलेजातले धनसिंग सर भिकुबाईच्याच गावात राहायचे, आणि वाचनालयाचं कला मंडळ त्यांच्याच अंगावर होतं. जळगावला मे महिन्यात लोककला महोत्सव भरणार होता. सरांच्या डोक्यात आलं, आपण नदीवरचं भांडणच मंचावर न्यायचं. एका बाजूला भिकुबाईची फळी, एका बाजूला तानुबाईची, मध्ये निळं कापड पसरून नदी. टेपरेकॉर्डर घेऊन ते भिकुबाईच्या अंगणात आले, दोघींना बसवलं आणि गाणी भरून घेतली. मग बटण दाबून ऐकवली. डब्यातून तानुबाईचा आवाज आला, 'भिकीना छगन्या नावना गडी...' अंगणभर हशा! ओट्यावर बसलेला छगनही हसला.

"सर, हे पुन्हा वाजतं का?" त्यानं विचारलं.

"कितीही वेळा, भाऊ. याच्या आणखी कॅसेटी काढू. घरोघरी वाजतील."

"भलतंच मशीन आहे," छगन म्हणाला आणि उठून ढोराला चारा टाकायला गेला.

सगळ्यांनाच हे पसंत पडलं असं नाही. गावात मोहनलाल प्रकाशचंद यांचं कापडाचं दुकान. पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेलं घर, मंडळाचे चिटणीस, नाटकांचे पडदे यांच्याच गोदामात. त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं, "शिव्या ही कला नव्हे. जिल्ह्यासमोर गावाची शोभा होईल." सर म्हणाले, "मग चर्चा करू." शिकलेल्या माणसाला चर्चेची भारी हौस. वाचनालयाच्या भिंतीवर फळा होता, त्यावर सरांनी लिहिलं, 'नदीवरची गाणी मंचावर न्यावीत का? सभ्य भाषेत मत लिहा.' खाली खडूंचा डबा ठेवला. तिथंच चुकलं. 'नाव लिहा' हे लिहायचं राहून गेलं.

पहिलं मत मोहनलाल शेटजींचं. 'माझा विरोध आहे. आपल्या आयाबहिणींचं तोंड माईकपुढे शिव्यांनी विटाळू नये. मोहनलाल प्रकाशचंद, कापड दुकान.' त्याखाली सरांनी उत्तर लिहिलं, खाली नाव. दोन दिवस फळा कसा सभ्य! लोक मान वर करून वाचायचे, "शेटजीचं बरोबर आहे," "नाही, सरांचं बरोबर आहे" म्हणायचे.

मग बिननावाची अक्षरं उमटायला लागली. 'सरांना बायांच्या शिव्या ऐकायची कसली हौस?' 'शेटजी, गाव पसंत नसेल तर आपल्या मुलखात चालते व्हा.' हे वाचून शेटजींचा चेहरा पडला. आजोबा-पणजोबा याच स्मशानात गेले त्यांचे, आता मुलूख कोणता काढायचा त्यांनी? खडूचं अक्षर, ठळक, वेडंवाकडं. ओळखायचं कसं? जो तो दुसऱ्याकडे बघून गालात हसायचा आणि आत आत घाबरायचा, की उद्या आपली पाळी.

भिकुबाईची पाळी एका बाजाराच्या दिवशी आली.

ती लिंबांची पाटी डोक्यावर घेऊन वाचनालयाजवळून निघाली तेव्हा फळ्यासमोर माणसं होती, आणि तिला पाहताच त्यांनी वाट केली. इतकी वाट कशाला? भिकुबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं मान वर केली आणि वाचलं. 'वांझेच्या तोंडी गौराई. धुळ्याच्या डॉक्टरनं हिच्यापुढे हात टेकले. आता जळगावच्या माईकनं कूस उजवणार का?'

पाटीतलं एक लिंबू घरंगळलं. कोणीतरी ते उचलून तिच्या हातात दिलं. ती बाजाराला गेली, सगळी लिंबं विकून आली, आणि परत येईपर्यंत फळा पुसलेला होता.

"छगनभाऊनं पुसला," शेजारीण म्हणाली. "आपल्या उपरण्यानं पुसला बिचाऱ्यानं. कोणाशी बोलला नाही."

घरी दोरीवर ते उपरणं वाळत होतं. भिकुबाईला भडभडून आलं. आपला माणूस असा, तोंडानं दोन शब्द बोलणार नाही, पण उपरण्यानं भरचौकात फळा पुसेल. तिनं त्या दिवशी त्याला त्याच्या आवडीचं शेवभाजीचं जेवण केलं, आणि त्यानं खाली मान घालून खाल्लं.

पण तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. धुळं.

वांझ हा शब्द तिला नवा नव्हता. बारशाला बोलावणं येत नव्हतं, ओटी भरताना बाया हात आखडता घ्यायच्या, हे ती लग्नानंतरच्या थोड्याच वर्षांत शिकली होती. पण धुळ्याला गेल्याचं गावात कोणाला ठाऊक? लग्नाला काही वर्षं झाली तेव्हा 'साक्रीला लग्नाला जातो' असं सांगून दोघं एस्टीत बसली होती. डॉक्टरनं दोघांना तपासलं, आणि छगनला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता की खोट कोणात आहे. परतीच्या एस्टीत तो खिडकीबाहेर तोंड करून रडला. शेवटी भिकुबाईच म्हणाली, "कोणाला काही सांगू नका. विचारलं तर माझ्यातच आहे म्हणू." आणि तिनं ते शेवटपर्यंत निभावलं. सासूचे टोमणे खाल्ले, जावांचे खाल्ले, एका शब्दानं नवऱ्याकडे बोट दाखवलं नाही.

म्हणजे धुळ्याचं माहीत कोणाला? डॉक्टरला. घरात दोघांना. आणि तानुबाईला. त्या वेळी नेसायला धड लुगडं नव्हतं म्हणून भिकुबाईनं तानुबाईचं मागून नेलं होतं आणि तिला खरं कारण सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाला ते मात्र नव्हतं सांगितलं. तानीनं विचारलं तेव्हा "हात टेकले त्यानं" एवढंच म्हणून विषय मिटवला होता.

हात टेकले! फळ्यावर शब्द तोच. ज्याला धुळ्याचं ठाऊक, पण खोट कोणात ते ठाऊक नाही, असं माणूस दुनियेत एकच. नवऱ्याचा हिशेब तिनं केलाच नाही. घरातल्या माणसावर कोण संशय घेतं? आणि तो तर खरं जाणत होता, तो खोटं कशाला लिहील?

तानुबाईला लिहिता येत नव्हतं. पण तिचा मुलगा अभिमन मास्तर होता ना, दिवसभर हातात खडू! आईनं सांगितलं, मुलानं लिहिलं. का? जळगावला मंचावर आपली आईच पुढं दिसावी म्हणून. बसलं सगळं गणित.

आणि एकदा गणित बसलं की माणसाला जिकडंतिकडं तेच दिसतं. तानुबाई बाजारात भेटली, "काय वं भिके, सरावले काब्र येत नही?" म्हणाली, सरावाला का येत नाहीस म्हणून विचारलं, तर भिकुबाईला वाटलं, कशी साळसूद बोलते! अभिमन सायकलवरून उतरून पाया पडला, तर तिनं त्याची बोटं बघितली. बोटांना खडू होता. अगं, मास्तराच्या बोटांना खडू असणार नाही तर काय हळद? पण तिला तेवढा पुरावा पुरला.

तरी एकदा खात्री करावी म्हणून ती शेटजींच्या दुकानात गेली. विरोध तर त्यांचाच मोठा. मोहनलाल शेटजी थान गुंडाळत होते. तिनं सरळ विचारलं, "शेटजी, ते तुम्ही लिहिलं का?"

शेटजींनी थान खाली ठेवलं. त्यांचे कान लाल झाले. "अक्का, माझा विरोध आहे. उद्याही राहील. तुम्ही जळगावला गेलात तर मी येणार नाही, आणि हे मी माझं नाव घालून लिहिलं आहे. ज्याखाली माझं नाव नाही ते मला विचारू नका. तो मला अपमान वाटतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्याबद्दल वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. बसा, चहा घेऊन जा."

तिनं चहा घेतला. हा माणूस आपल्या कलेला नावं ठेवतो आणि याच्या घरचा चहा गोड लागतो, याचं तिला नवल वाटलं. पण संशय गेला नाही, फक्त शेटजींवरून उठून पुरता तानुबाईवर बसला.

सरांनी सभा बोलावली. वाचनालयात गच्च माणसं. सर आणि शेटजी तिथंही भांडले, पण कसं! एकमेकांचं बोलणं पुरं होऊ देत, 'शेटजी', 'सर' करत. आणि एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, की यापुढं बिननावाचं मत वाचायचं नाही, दिसलं तर पुसायचं. तेव्हा भिकुबाई बायांच्या बाजूनं उभी राहिली.

"पुसून काय होतं? ज्यानं लिहिलं त्यानं उभं राहावं. मी त्याला काही करणार नाही. नाव सांगावं, आणि माझ्या तोंडावर बोलावं. नदीवर आम्ही बाया एवढं करतो. गडीमाणसांना जमत नाही का?"

कोणी उठलं नाही. अभिमन मास्तर छताकडे बघत होता. तिनं ते टिपलं. छगन दाराशी खाली मान घालून बसला होता. त्याला बिचाऱ्याला का कमी लागलं होतं?

त्यानंतर भिकुबाईनं आखाजीची तयारी सुरू केली, आणि ती तयारी वाईट होती. तानुबाईचा एक मुलगा लहानपणी गेला होता. गिरणेच्या डोहातच. त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. नदीवर तर नाहीच. भिकुबाईनं लिंबं तोडता तोडता त्याच्यावर कडवं रचलं. तिनं कूस काढली तर मी लेकरू काढते. कडवं जमलं तसं तिचं तिलाच कसंतरी झालं, पण तिनं ते पाठ केलं.

एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "तानीला यंदा सोडत नाही मी."

छगनचा घास हातात राहिला. "तानुबाईनं काय केलं?"

"धुळ्याचं तिच्याशिवाय कोणाला ठाऊक?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "जाऊ दे ना. जळगावच नको म्हण. मिटेल सगळं." तिला वाटलं, माझ्या काळजीनं म्हणतो.

आखाजी आली. गिरणा त्या दिवसांत म्हणजे सगळी रेती, मध्ये पाण्याचा पट्टा आणि वळणावर डोह. दोन्ही काठांवर बाया, नवी लुगडी, टोपल्यांत गौराई. गडीमाणसांनी जवळ यायचं नसतं. ती वरच्या अंगाला बाभळीखाली उभी राहून ऐकतात. त्यांत छगनही होता. भिकुबाईनं पदर खोचला. आज एक कडवं, आणि तानीशी जन्माचं तुटणार, हे तिला कळत होतं.

पण तिनं तोंड उघडण्याआधीच तानुबाई पाण्यात उतरली. पार गुडघ्यापर्यंत आली आणि ओरडली, "मी तानी, धनाजीनी आंडेर! भिके, महिनाभर तू मनाकडथून तोंड फिरावस. मनावर संशय शे ना तुना? ले मनं नाव. दे काय देवानं ते. मी आठे उभी शे." संशय आहे तर माझं नाव घे आणि द्यायची ती शिवी दे, असं सरळ आव्हान!

भिकुबाईच्या जिभेवर ते कडवं आलं. समोर तानी उभी, केस पांढरे झालेले, लुगडं भिजलेलं, डोळ्याला डोळा लावून. मागं तोच डोह, ज्यात तिचं लेकरू गेलं. आणि ही बाई तिथं शिवी खायला उभी!

भिकुबाईला हुंदका फुटला. ज्यानं चोरून लिहिलं ते माणूस असं समोर उभं राहणार नाही. तिचं तिलाच लख्ख कळलं, आणि आपण मनात काय रचलं होतं ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

"तुले नही वं, तानी," ती म्हणाली. "बाहेर हो पान्यातून. आज तुले नही."

मग ती बाभळींकडे, गावाकडे, सगळ्या दुनियेकडे तोंड करून उभी राहिली. "मी भिकी, सुपडूनी आंडेर! ज्यानं लिखं त्यानं नाव माले माहीत नही. तरी ऐक!" आणि तिनं सुरुवात केली.

'कोन तू भाऊ, कोन तुना बाप,
नाव नही तुले, तोंड नही साफ.
खडूवाला हात तुना आडवा पडो,
घासना येळे तोंडले ना चढो!'

पल्याडून तानुबाईनं झेललं, मग तिच्या मागच्या बायांनी, मग अल्याडच्यांनी. दोन्ही काठांनी मिळून एकालाच शिव्या घातल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. ऊन कलेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. बाभळीखालचे गडी आधी हसले, मग गप्प झाले, मग एकेक करून पांगले.

संपल्यावर बाया सवयीनं पाण्याकडे निघाल्या तर तानुबाई म्हणाली, "आपन काब्र धोवानं? आज आपलेमातून कोनलेच शिवी नही बसनी." खरंच की! त्या वर्षी एकही बाई तोंड धुवायला उतरली नाही. भिकुबाई कोरड्या रेतीतून कोरड्या पायांनी घरी आली. घसा पार बसला होता, पण मन हलकं होतं. तानी आपली राहिली होती.

उंबऱ्याशी ती थांबली. दरसालच्या प्रश्नाची वाट बघत थांबली. छगन ओट्यावर होता, हातात पेला. पण तो काही विचारेना. पेलाच पुढं केला.

तिनं बघितलं, त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. बागेला पाणी भरलं असेल? पण लाईट सकाळपासून नव्हती. पावलांना पांढरी रेती चिकटली होती, गिरणेची. कपाळावरचे केस ओले, आणि बाह्या मनगटापर्यंत ओल्या.

भिकुबाईला उमगायला वेळ लागला नाही, पण मानायला लागला. तिच्या तोंडून त्याचाच प्रश्न निघाला. आवाज बसला होता, म्हणून हळूच निघाला.

"तोंड धुतलं ना?"

"हो," छगन म्हणाला.

म्हणाला आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. त्यानं पेला ओट्यावर ठेवून दिला.

नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात तोंडानं घेतलं नव्हतं. पण नदीचा नियम होता, आधी नाव.

"छगन," ती म्हणाली. "तोतारामना आंडोर," तोतारामचा लेक. "आता बोल. तोंडावर बोल."

तो खाली बसला. "त्या मशीनमुळे," म्हणाला. "नदीवर तानुबाई मला नावाचा गडी म्हणते ते मी सोसलं. म्हटलं, पाण्यात जातं वाहून. पण ती कॅसेट घरोघरी वाजणार. जळगावचं सगळं मैदान हसणार मला. आणि ते खोटंही नाही ना, भिकू. ते खरंच आहे. म्हटलं, तुझ्यावर काही आलं तर तू जाणार नाहीस."

"मला सांगायचं होतं. मी त्याच दिवशी सरांना नाही म्हटलं असतं."

"सांगायला तोंड कुठं होतं मला?"

"आणि लिहायला हात होता!" ती कडाडली. बसलेल्या घशातून जेवढं कडाडता येईल तेवढं. "लोक म्हणाले, सासू म्हणाली, जावा म्हणाल्या, ते मी तुझ्यासाठी घेतलं माझ्या अंगावर. खरं काय ते आपण दोघंच जाणतो. आणि त्या दोघांतल्यानं मला वांझ लिहिलं? फळ्यावर? गावासमोर?"

छगन रडायला लागला, त्या एस्टीत रडला होता तसाच. तेव्हा तिला त्याची दया आली होती. आज आली नाही.

ती घरात गेलीच नाही. आल्या पावली नदीवर परत गेली. इतके दिवस ती शिवी तिच्या अंगावर होती, आणि देणाऱ्याचं नाव माहीत नसलं तर धुवायची तरी कशी? आता नाव कळलं होतं. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि ओंजळीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. तानुबाई अजून पल्याड टोपल्या गोळा करत होती. तिनं हे पाहिलं आणि ओरडली, "काय वं? कळनं का, कोन ते?"

"कळनं."

"कोन शे?"

"घरनाच शे," भिकुबाई म्हणाली.

तानुबाई टोपली टाकून पाण्यातून चालत अल्याड आली आणि तिला घेऊन रेतीत बसली. पदरानं तोंड पुसून भिकुबाईनं विचारलं, "जळगावले जावाना सराव कधी ठेवना सरांनी?"

जळगावला सगळे गेले. शेटजी बोलल्याप्रमाणे आले नाहीत, पण मंचावर नदी करायला निळं कापड मात्र त्यांच्याच दुकानातून आलं. मैदान तुडुंब भरलं होतं. छगन तिसऱ्या रांगेत होता. त्याला भिकुबाईनंच आणून बसवला होता. गाणी रंगली, आणि मग ते कडवं आलं. 'भिकीना...' म्हणून तानुबाई थबकली. माईकपुढे थबकली, आणि निळ्या कापडापलीकडे भिकुबाईकडे बघितलं. ती म्हणाली असती तर तिनं ते गाळलं असतं.

"म्हन ना वं," भिकुबाई म्हणाली. माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. "काब्र थांबनी? नाव लिसनी म्हन." नाव घेऊनच म्हण, गाळू नकोस.

तानुबाईनं म्हटलं. मैदान हसलं, शिट्ट्या झाल्या, सरांचं मशीन फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं दोघं परत निघाली. एकाच बाकावर, खिडकीशी ती. बांभोरीच्या पुलावर बस आली तेव्हा खाली गिरणा दिसली, रेती आणि मध्ये पाण्याचा पट्टा. छगन अर्धवट उठला.

"पाणी आहे खाली," तो हळूच म्हणाला. "कंडक्टरला सांगू का, दोन मिनिटं थांबव म्हणून? तोंड धुऊन येतो."

भिकुबाईनं खिडकीतून नजर काढली नाही.

"चालू द्या," ती म्हणाली.